कळफलक रुजू का होत नाही?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या कार्यप्रणालीची नित्याची देखभाल थांबवली आणि ज्यांची प्रकृती अद्याप ठणठणीत आहे, परंतु विंडोज ११ मागते तो टीपीएम २.० नावाचा सुरक्षा-घटक अथवा तितका नवा प्रोसेसर ज्यांच्यापाशी नाही, अशा असंख्य संगणकांच्या धन्यांपुढे या यंत्रांचे आता करावे काय, हा प्रश्न एकाएकी उभा राहिला. शिवाजी उद्यमनगरात यंत्रांचे सुटे भाग घडवणाऱ्या आणि बिघडलेली वस्तू टाकण्याआधी ती एकदा उघडून पाहण्याचा शिरस्ता असलेल्या कोल्हापुरासारख्या गावात दहा वर्षांचा संगणक भंगारात घालण्याची कल्पना सहजासहजी कोणाच्या गळी उतरत नाही. तेव्हा जुनी विंडोज आहे तेथेच राहू द्यावी, डिस्कचा एक भाग मोकळा करून तेथे लिनक्स घालावे आणि यंत्र सुरू करताना हवी ती प्रणाली निवडावी, असा मध्यममार्ग पुष्कळजण पत्करतात. नेमकी उलट वाट धरणारेही काही आहेत: त्यांचे यंत्र त्या मानाने नवे असते, पण हिशेबाचा किंवा यंत्रसामग्रीचा एखादा जुना प्रोग्राम विंडोज ७ वाचून चालत नाही, म्हणून नव्या प्रणालीच्या शेजारी ते जुनीला जागा करून देऊ पाहतात. दिशा वेगळ्या असल्या तरी दोन्ही पक्षांतले कित्येकजण एकाच मुक्कामावर अडकून पडतात. पेनड्राइव्ह लावलेला असतो, इन्स्टॉलेशनचा पहिला पडदा डोळ्यांपुढे येतो, आणि तेथे कळ दाबली तरी काही उमटत नाही, माऊस फिरवला तरी बाण जागचा हलत नाही.

उद्यमनगरातल्या एका वर्कशॉपच्या कचेरीत असा एक प्रसंग मी जवळून पाहिला. यंत्र २०१६ साली जुळवून घेतलेले, त्यावर विंडोज १० सुखेनैव नांदत होती. जॉबच्या खर्चाचा हिशेब ठेवणारा जुना प्रोग्राम मात्र विंडोज ७ शिवाय उघडेना, म्हणून मालकांच्या पुतण्याने ती प्रणाली शेजारी घालण्याची तजवीज केली होती. यंत्र सुरू होताच त्याने ‘डिलीट’ची कळ दाबली, तसा बायोसचा पडदा उघडला, बाणाच्या कळांनी त्याने पेनड्राइव्ह निवडला, एंटर दाबले, आणि तोवर सारे बिनतक्रार झाले. फाइली चढत असल्याची पट्टी सरकली, विंडोजचे चौरंगी चिन्ह उमटले, आणि भाषा विचारणारी चौकट येते न येते तोच कळफलकावरचा नम लॉकचा दिवा विझला. पडद्याच्या मधोमध बाण तेवढा निश्चल उभा. कळफलक गेला, असे निदान तत्काळ झाले. राजारामपुरीतून नवा कळफलक आला. त्यानेही बायोसमध्ये इमाने-इतबारे काम केले आणि त्याच चौकटीपाशी येऊन तोही मुका झाला. अखेरीस दुरुस्तीवाल्या पोराला बोलावणे गेले. त्याने दोन्ही कळफलकांकडे एकवार पाहिले आणि म्हणाला, “अवो मालक, कीबोर्ड कशाला बदलताय? त्यो बरा हाय. ह्यो सेटअपच त्येला वळखत न्हाई, त्येला त्यो काय करणार!”

त्या पोराचे म्हणणे अक्षरशः खरे होते. संगणक सुरू झाल्यापासून प्रणाली पडद्यावर येईपर्यंत यंत्रावर एकाच सत्तेचा अंमल नसतो. प्रथम मदरबोर्डवरच्या चिपमध्ये साठवलेला फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो आणि ज्याची नवी आवृत्ती यूईएफआय या नावाने ओळखली जाते, तो कारभार हाती घेतो. यूएसबी कळफलकांशी बोलण्याची एक अगदी प्राथमिक पद्धत ठरलेली आहे. कोणती कळ दाबली एवढे सांगण्यापुरतीच ती असते, आणि ती फर्मवेअरला अवगत असल्यामुळे निवडीच्या पडद्यावर बहुतेक साधे कळफलक तक्रार न करता चालतात. पुढे कार्यप्रणालीचा गाभा स्मृतीत चढला की तो यूएसबीचा नियंत्रक आपल्या ताब्यात घेतो. फर्मवेअरची त्या बाबतीतली हुकमत तेथे संपते, आणि त्या नियंत्रकाशी बोलण्याची विद्या, म्हणजे त्याचा ड्रायव्हर, नव्या सत्तेने स्वतःबरोबर आणलेला असावा लागतो. कोल्हापूर संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, त्या काळातल्या एखाद्या कचेरीची वाचकांनी कल्पना करावी: कालपर्यंत काम करणारा कारकून आजही त्याच मेजापाशी बसला आहे, दौत-लेखणी तीच आहे, पण नव्या अंमलदाराने आणलेल्या हजेरीपटावर जर त्याचे नावच चढलेले नसेल, तर त्याने लिहिलेला कागद पुढे सरकणार कसा? कळफलक नेमका याच अवस्थेत असतो.

म्हणून अशा प्रसंगी पहिला प्रश्न विचारायचा तो ‘काय बिघडले’ हा नसून ‘कोठवर चालत होते’ हा आहे, आणि त्याची खातरजमा करण्यास पैसा पडत नाही. नम लॉकची किंवा कॅप्स लॉकची कळ दाबून तिचा दिवा बदलतो का, ते पाहावे. हा दिवा कळफलक स्वतःच्या मर्जीने लावीत नाही; कळ दाबल्याची वर्दी संगणकाकडे जाते आणि दिवा लावण्याचा हुकूम संगणकाकडून उलट येतो, तेव्हा कोठे तो लागतो. दिवा बदलला, तर निरोपाची जा-ये शाबूत आहे आणि दोष इन्स्टॉलेशनच्या पडद्यात किंवा ग्राफिक्समध्ये आहे, असा तर्क करावयास हरकत नाही. माऊसच्या पोटातल्या तांबड्या उजेडावर मात्र फारसा भरवसा टाकू नये, कारण त्यावरून तारेतून वीज पोहोचली एवढेच सिद्ध होते. पुष्कळ मंडळी तो उजेड पाहून माऊस ‘चालू’ असल्याची ग्वाही देतात आणि तपासाची दिशा चुकवतात. लिनक्स चढत असताना दिवे आपणहून लुकलुकू लागले, तर मात्र गाभाच कोसळला आहे असे समजावे; तेथे कळफलकाशी झटापट करून उपयोग नाही.

उद्यमनगरातल्या त्या यंत्राची कैफियत समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १९८७ साली आयबीएम कंपनीने पीएस/२ या नावाचे संगणक बाजारात आणले आणि त्यांच्याबरोबर कळफलक व माऊस यांच्यासाठी जी गोल, सहा टोकांची खोबण आली, ती पुढे वर्षानुवर्षे सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर जांभळ्या आणि हिरव्या रंगांत नांदली. दर उपकरणाला निराळी खोबण हा पसारा आवरावा म्हणून १९९६ च्या जानेवारीत यूएसबीची पहिली संहिता प्रसिद्ध झाली. ती घडवणाऱ्या इंटेलमधल्या अभियंत्यांत अग्रभागी असलेले अजय भट्ट हे बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाचे पदवीधर, ही गोष्ट मराठी वाचकाने अगत्याने ध्यानात ठेवण्याजोगी आहे. १९९६ नंतर यूएसबीचा वेग वाढत गेला आणि प्रत्येक वाढीबरोबर मदरबोर्डवरचा नियंत्रकही बदलत गेला. २००८ च्या नोव्हेंबरात यूएसबी ३.० ची संहिता आली, तिच्यासाठी एक्सएचसीआय या जातीचा नवा नियंत्रक निघाला, आणि विंडोज ७ ही प्रणाली २२ ऑक्टोबर २००९ रोजी बाजारात आली ती या नियंत्रकाचा ड्रायव्हर न घेताच. लिनक्सच्या गाभ्याच्या २.६.३१ या आवृत्तीत तो त्याच वर्षीच्या सप्टेंबरात समाविष्ट झाला होता. विंडोजला त्यासाठी २०१२ च्या विंडोज ८ पर्यंत थांबावे लागले. एवढी वर्षे ही उणीव कोणाला जाचली नाही, याचे कारण मदरबोर्डांवर नव्या नियंत्रकाच्या जोडीला ईएचसीआय हा जुना नियंत्रकही तैनात असे आणि काळ्या यूएसबी खोबणीत लावलेला कळफलक त्याच्यामार्फत आपले काम उरकून घेई. २०१५ साली इंटेलने स्कायलेक या सहाव्या पिढीच्या प्रोसेसरांबरोबर जे चिपसेट आणले, त्यांतून हा जुना नियंत्रक काढून टाकण्यात आला. त्या दिवसापासून विंडोज ७ ची मूळ डिस्क अशा यंत्रात घालणाऱ्याच्या नशिबी मुका कळफलक आला. कधी कधी तर ड्रायव्हर सापडत नसल्याची सूचना पडद्यावर येते आणि ‘ब्राउझ’चे बटण दाबण्यास सांगते, ते दाबायचे कशाने, याचे उत्तर तिच्यापाशी नसते.

त्या दुरुस्तीवाल्या पोराने यंत्राच्या पाठीमागे बोट फिरवून जांभळी-हिरवी खोबण शोधली, यंत्र बंद केले आणि पिशवीतून एक जुनापुराणा पीएस/२ कळफलक काढून तेथे लावला. यंत्र बंद केले, हे महत्त्वाचे. यूएसबीप्रमाणे चालू यंत्रात काढ-घाल करण्यासाठी ही खोबण केलेली नाही, आणि सुरू होतानाच कळफलक हजर नसेल तर पुढे त्याची दाद लागेलच असे नाही. यूएसबीचे टोक त्या खोबणीत बसवणारी छोटी हिरवी टोपीही बाजारात मिळते, पण तिच्या अंगी स्वतःची अक्कल नसल्यामुळे, दोन्ही भाषा जाणणाऱ्या कळफलकालाच ती उपयोगी पडते. जेथे ही खोबणच नाही, तेथे दुसऱ्या चालू संगणकावर बसून विंडोज ७ च्या इन्स्टॉलेशनच्या संचातच एक्सएचसीआयचा ड्रायव्हर मिसळून घ्यावा लागतो. मदरबोर्ड बनवणाऱ्या काही कंपन्यांनी यासाठी तयार साधने दिली होती, आणि विंडोजमधल्या ‘डिझम’ या आज्ञेनेही ते साधते. येथे एक बारकावा हमखास निसटतो: संचात ‘बूट’ आणि ‘इन्स्टॉल’ अशा दोन प्रतिमा असतात, आणि ड्रायव्हर पहिलीतच मिसळला तर इन्स्टॉलेशन निर्वेध पार पडते, यंत्र पुन्हा सुरू होते, आणि वापरकर्त्याचे नाव विचारणाऱ्या चौकटीपाशी कळफलक पुनश्च निपचित पडतो. ड्रायव्हर दोहोंत हवा. २०१५ च्या आधीच्या यंत्रांवर एवढी यातायात लागत नाही. कळफलक निळ्या खोबणीतून काढून काळ्या खोबणीत लावला, अथवा बायोसमध्ये एक्सएचसीआय तात्पुरते बंद केले, की बहुधा भागते. अर्थात विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीच संपलेली असल्यामुळे, ती घालायचीच असेल तर जुन्या प्रोग्रामपुरती घालावी आणि इंटरनेटला जोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

लॅपटॉपची गोष्ट निराळी. त्याचा अंगचा कळफलक बहुतेक वेळा आतून त्या जुन्या पीएस/२ पद्धतीनेच, आय-८०४२ नावाच्या नियंत्रकामार्फत जोडलेला असतो, म्हणून तो सहसा दगा देत नाही. टचपॅड मात्र अलीकडे आय-स्क्वेअर-सी नावाच्या वेगळ्या तारेवर असतो आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजच्या संचात नसल्यामुळे इन्स्टॉलेशनपुरता तो निष्प्राण भासतो. तेथे घाबरून जाण्याचे काहीच कारण नाही, कारण टॅब, बाण, स्पेस आणि एंटर एवढ्या कळांवर सारे इन्स्टॉलेशन पार पाडता येते, अथवा तारेचा एखादा साधा माऊस लावता येतो. काही थोड्या लॅपटॉपांवर लिनक्स सुरू होताना अंगचा कळफलकच गप्प राहतो; तेव्हा बाहेरचा यूएसबी कळफलक लावून, ग्रब या निवडीच्या पडद्यावर ‘ई’ ही कळ दाबून, ‘लिनक्स’ शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या अखेरीस आय-८०४२ चे नाव, मग बिंदू आणि मग ‘रीसेट’ असे इंग्रजी लिपीत जोडून पाहावे; नियंत्रकाची नव्याने झाडाझडती घेण्याचा तो आदेश आहे आणि अनेकदा तो लागू पडतो. ॲपलने २०१६ च्या मॅकबुक प्रोमध्ये कळफलक एसपीआय या तिसऱ्याच तारेवर घातला, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यात २०१९ च्या ५.३ या आवृत्तीत आला. त्याहून जुने लिनक्स त्या यंत्रावर घालू पाहणाऱ्याला बाहेरच्या कळफलकावाचून गत्यंतर नाही.

आता उलटा प्रकार: कळफलक बायोसमध्येच चालत नाही, किंवा ग्रबच्या पडद्यावर दोन प्रणालींतून निवड करू देत नाही, आणि विंडोज उघडल्यावर मात्र ठणठणीत असतो. येथे गुन्हेगार बहुधा फर्मवेअरमधली ‘फास्ट बूट’ ही सोय असते. चार क्षण वाचवण्यासाठी ती यूएसबीची तपासणीच टाळते, आणि दोन प्रणाली बाळगणाऱ्याला नेमके तेच चार क्षण हवे असतात. ‘लेगसी यूएसबी सपोर्ट’ हे कलमही चालू असलेले बरे. ते जर कोणी बंद करून ठेवले असेल आणि यंत्राला यूएसबी कळफलकच असेल, तर बायोसमध्ये शिरून ते पुन्हा चालू करण्याची वाटही खुंटते. अशा वेळी यंत्राची वीज काढून, मदरबोर्डवरचा सीआर-२०३२ हा रुपयाएवढा सेल काही मिनिटे बाहेर ठेवला की पुष्कळ यंत्रांवर सारी कलमे मूळ स्थितीला येतात. ब्लूटूथच्या कळफलकावर तर या टप्प्यावर विसंबूच नये. त्याची जोडणी प्रणाली चढल्यावर होते, तोवर त्याचे अस्तित्व कोणाच्या खिजगणतीतही नसते. इवलासा रिसीव्हर यूएसबीत लावून चालणारे बिनतारी कळफलक मात्र यंत्राला साध्या तारेच्या कळफलकासारखेच दिसतात आणि सहसा चालतात.

दोन्ही प्रणाली सुखरूप बसल्यानंतरही कटकटी उरतात. विंडोजची ‘फास्ट स्टार्टअप’ ही सोय, जी फर्मवेअरच्या ‘फास्ट बूट’हून वेगळी आहे, यंत्र बंद करताना विंडोजचा गाभा गोठवून डिस्कवर ठेवते, परिणामी लिनक्सला विंडोजच्या भागावर लिहिता येत नाही, आणि काही यंत्रांत टचपॅडसारखे भागही अर्धवट झोपेत सोडले जातात. दोन प्रणालींच्या घरात ही सोय बंद असणेच इष्ट. ब्लूटूथ माऊसची तऱ्हा याहून गमतीची: विंडोजशी जोडताना एक गुप्त किल्ली ठरते, लिनक्सशी जोडताना दुसरी ठरते, आणि संगणकाचा ब्लूटूथ पत्ता दोन्हीकडे एकच असल्यामुळे माऊस जुनी किल्ली टाकून देतो, मग प्रणाली बदलली की माऊस रुसला, असे रोजचे होऊन बसते. दोन-तीन यंत्रांशी जोडता येणारा माऊस असल्यास त्याचा एक क्रमांक विंडोजला आणि दुसरा लिनक्सला द्यावा, म्हणजे हा तंटा बहुधा मिटतो.

मराठी माणसाला भोवणारा आणखी एक प्रकार आहे, आणि त्यात यंत्राचा दोष तिळमात्र नाही. इन्स्टॉलेशनमध्ये कळफलकाची मांडणी विचारली की स्वभाषेच्या अभिमानाने ‘मराठी’ निवडली जाते. मग १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली इन्स्क्रिप्ट मांडणी लागू होते, वापरकर्त्याच्या नावाची चौकट देवनागरी अक्षरे नाकारते, आणि संकेतशब्द ठिपक्यांआड लपलेला असल्यामुळे आपण काय लिहितो आहोत हेही कळत नाही. इन्स्टॉलेशनपुरती इंग्रजी मांडणी ठेवून इन्स्क्रिप्ट मागाहून जोडावी. ते दोन मिनिटांचे काम आहे.

ज्यांना लिनक्सच घालायचे आहे त्यांच्यासाठी एक फार मोठी सवलत उपलब्ध आहे, आणि तिचा लाभ न घेता थेट डिस्कला हात घालणाऱ्यांचे मला नवल वाटते. उबुंटू, मिंट यांसारख्या प्रणाली पेनड्राइव्हवरूनच, डिस्कवर काहीही न लिहिता, चालवून पाहता येतात. तशी ती अर्धा तास चालवावी; कळफलक, टचपॅड, वायफाय, आवाज यांची हजेरी घ्यावी; आणि तेथे जे रुजू झाले नाही ते इन्स्टॉलेशननंतर आपोआप होईल, या आशेवर राहू नये.

आणि फर्मवेअरमधल्या कोणत्याही कलमाला हात लावण्यापूर्वी विंडोजचे बिटलॉकर, म्हणजे डिस्कला घातलेले कुलूप, चालू आहे का, हे अवश्य पाहावे. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपांवर ते धन्याला पत्ता नसतानाही चालू असते, आणि यंत्राच्या सुरुवातीच्या मांडणीत फेरफार झाल्याचा संशय आला की ते ४८ अंकी किल्ली मागते. ती मायक्रोसॉफ्टच्या आपल्या खात्यात सहसा साठवलेली असते, पण यंत्र अडल्यावर ते खाते उघडायला दुसरे एखादे यंत्र हाताशी असावे लागते. म्हणून ते ४८ अंक आधी कागदावर उतरून घ्यावेत, कागद घरातल्या महत्त्वाच्या दप्तरात ठेवावा, कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर काढावी, आणि मगच पेनड्राइव्ह लावावा.